तिजोरीला हात न लावता कर्जमाफी: नॉर्थ कॅरोलिनातल्या हॉस्पिटल थकबाकीचं प्रकरण

ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी एक आकडा जाहीर केला. राज्यातल्या २५ लाखांहून अधिक लोकांची मिळून साडेसहा अब्ज डॉलरहून जास्त हॉस्पिटलची थकबाकी रद्द झाली होती. रुपयांत धरलं तर ही रक्कम ५५ हजार कोटींच्या घरात जाते. राज्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या आसपास आहे, म्हणजे दर चार-साडेचार माणसांमागे एकाच्या नावावरचं काही ना काही बिल पुसलं गेलं. २०२४ च्या उन्हाळ्यात योजना मांडली तेव्हा अंदाज होता चार अब्ज डॉलर आणि वीसेक लाख माणसांचा. सरकारी योजना तिच्या घोषणेतल्या आकड्याच्याही पुढे गेली, हे वाचायची सवय आपल्याला फारशी नाही.

आपल्याकडे कर्जमाफी म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. सरकार बँकांचे पैसे भरतं, शेतकऱ्याचा सातबारा कोरा होतो, अर्थसंकल्पात तेवढं भगदाड पडतं आणि दोन-तीन हंगामांनी पुन्हा तीच मागणी उभी राहते. २०१७ ची माफी झाली आणि लगेच २०१९ ची आलीच. नॉर्थ कॅरोलिनात यातलं पहिलं पाऊलच पडलं नाही. ही थकबाकी फेडायला राज्याच्या तिजोरीतून पैसे गेले नाहीत, विधिमंडळाने त्यासाठी नवा कायदाही केला नाही. हॉस्पिटलांनी आपली येणी आपणहून सोडली. ‘आपणहून’ हे अर्थात कागदावर. राज्याने त्यांचं नाक अशा ठिकाणी दाबलं की तोंड उघडणं भागच होतं.

ते ठिकाण कसं सापडलं, हा या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे. त्याआधी थकबाकी एवढी साचली कशी ते पाहायला हवं.

घरावर चढलेला बोजा

अमेरिकेत हॉस्पिटलचं देणं हॉस्पिटललाच राहतं, हे आपल्या वाचकाला आधी सांगावं लागतं. आपल्याकडे दाखल करतानाच काउंटरवर अनामत मागतात. ती भरायला माणूस दागिने गहाण ठेवतो, मेहुण्याकडून उसने घेतो, सावकाराचं दार ठोठावतो. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलचा हिशोब चुकता झालेला असतो आणि कर्ज दहा ठिकाणी विखुरलेलं असतं. तिकडे इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासून स्थिर करणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे. बिल मागाहून, घरच्या पत्त्यावर येतं. कधी एका रात्रीच्या मुक्कामाची तीन-चार वेगवेगळी पाकिटं येतात: हॉस्पिटलचं, डॉक्टरांच्या ग्रुपचं, लॅबचं, अँब्युलन्सचं. विमा नसेल तर माणूस ‘सेल्फ-पे’ ठरतो, आणि विमा कंपनी घासाघीस करून जो दर कमी करून घेते तो त्याच्या वाट्याला येत नाही. विमा असला तरी डिडक्टिबलचे पहिले काही हजार डॉलर खिशातूनच जातात. देशभरात प्रौढांचं वैद्यकीय देणं किमान २२० अब्ज डॉलर असावं, असा केएफएफ या संशोधन संस्थेचा अंदाज आहे, आणि असं देणं असलेली प्रौढ माणसं दोन कोटींच्या आसपास.

नॉर्थ कॅरोलिनात या देण्याला एक खास वळण आहे. तिथल्या कायद्यात सावकारी किंवा हॉस्पिटलच्या देण्यापोटी माणसाच्या पगारावर सहसा जप्ती आणता येत नाही. ऐकायला दिलासा वाटतो. पण वसुली करणाऱ्याची नजर मग पगाराऐवजी घराकडे जाते. कोर्टातून हुकूमनामा मिळवायचा आणि तो घराच्या मालकीवर बोजा म्हणून चढवायचा. घरातून कोणी लगेच हाकलत नाही, पण घर विकायला काढलं किंवा त्यावर नवं कर्ज घ्यायला गेलं की आधी हॉस्पिटलचा हिशोब चुकता करावा लागतो. हुकूमनाम्यावर व्याज वर्षाला ८ टक्के. तो दहा वर्षं जिवंत राहतो आणि आणखी दहा वर्षांसाठी नूतनीकरणही होऊ शकतं. शिवाय नवरा-बायकोपैकी एकाच्या उपचाराच्या खर्चाला दुसराही जबाबदार, असं जुनं न्यायतत्त्व त्या राज्यात अजून लागू आहे. त्यामुळे दाव्यात दोघांची नावं घालता येतात. नवरा कॅन्सरने गेला आणि दाव्याची नोटीस बायकोच्या नावाने आली, असं घडायला कायद्याची आडकाठी नाही.

या गोष्टी आकड्यांत मांडण्याचं काम राज्याच्या तेव्हाच्या खजिनदारांनी केलं. डेल फॉलवेल हे रिपब्लिकन, आणि स्वभावाने वाद अंगावर घेणारे. नॉर्थ कॅरोलिनात सरकारी कर्मचारी, शिक्षक आणि निवृत्तांची आरोग्य योजना खजिनदाराच्या अखत्यारीत येते. सात लाखांवर माणसांची बिलं याच कार्यालयातून जातात. हॉस्पिटलं दर काय लावतात हे विचारायला गेले आणि नीट उत्तर मिळेना, तिथून त्यांचं या क्षेत्राशी वाजलं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या कार्यालयाने ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या मदतीने अहवाल काढला. जानेवारी २०१७ ते जून २०२२ या काळात राज्यातल्या हॉस्पिटलांनी ७,५१७ रुग्णांवर आणि त्यांच्या घरच्यांवर दावे लावले होते आणि ५ कोटी ७३ लाख डॉलरचे हुकूमनामे मिळवले होते. दावे लावणारी बहुतेक हॉस्पिटलं ‘नॉनप्रॉफिट’, म्हणजे समाजसेवेच्या नावावर करमाफी घेणारी. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये शार्लटच्या अ‍ॅट्रियम हेल्थ या हॉस्पिटल साखळीची मूळ संस्था अ‍ॅडव्होकेट हेल्थ हिने सहा राज्यांतल्या ११,५०० घरांवरचे बोजे उतरवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यातले काही वीस वर्षांहून जुने निघाले.

करमाफी घेणाऱ्या हॉस्पिटलने गरिबांसाठी सवलतीचं धोरण ठेवलंच पाहिजे, असं फेडरल कायदा २०१० पासून सांगतो. पण गरीब कोणाला म्हणायचं आणि सवलत किती द्यायची, ते त्याने हॉस्पिटलवरच सोडलं आहे. धोरण छापून वेबसाइटवर टाकलं की कायद्याचं बरंचसं समाधान होतं. आपल्याकडच्या धर्मादाय रुग्णालयांना निदान १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी, असा आकडा तरी बांधून दिलेला आहे. त्या खाटा प्रत्यक्षात कोणाला मिळतात, हा प्रश्न इथेही आहेच.

फॉलवेल यांनी कायद्याचा रस्ता धरला. वसुलीला लगाम घालणारं विधेयक २०२३ मध्ये राज्याच्या सिनेटने एकमताने मंजूर केलं. हाउसमध्ये ते अडकलं आणि तिथेच राहिलं. बऱ्याच जिल्ह्यांत हॉस्पिटल हाच मोठा नोकरी देणारा असतो, त्याच्या व्यवस्थापनाची स्थानिक आमदाराशी ओळख असते. एकमताने पास झालेलं विधेयक दुसऱ्या सभागृहात निपचित पडतं तेव्हा कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

हॅस्पचा हिशोब

राज्यात तेव्हा गव्हर्नर होते डेमोक्रॅट रॉय कूपर, आणि विधिमंडळ रिपब्लिकनांकडे. कूपर पहिल्यापासून एकाच मागणीमागे लागले होते: गरिबांसाठीचा सरकारी विमा, मेडिकेड, थोडी वरच्या उत्पन्नाच्या लोकांनाही द्या. ओबामांच्या काळातल्या कायद्यात ही सोय होती आणि खर्चाचे ९० टक्के केंद्र उचलणार होतं. बरीच वर्षं नकारघंटा वाजल्यावर मार्च २०२३ मध्ये कायदा झाला आणि १ डिसेंबर २०२३ पासून विस्तार लागू झाला. वर्षभरात सहा लाखांवर माणसं नव्याने विम्याखाली आली.

रिपब्लिकन आमदार शेवटी राजी झाले त्याचं एक कारण हे की उरलेल्या १० टक्क्यांचा भार राज्यावर पडणार नव्हता. तो हॉस्पिटलांवर बसवलेल्या विशेष आकारणीतून यायचा होता. आता कुठलं हॉस्पिटल असा भार हसत घेईल? बदल्यात त्यांना मिळाला ‘हॅस्प’ नावाचा कार्यक्रम. पुढचं सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे, म्हणून जरा हिशोब बघू.

मेडिकेड हॉस्पिटलला जो दर देतं तो खासगी विमा कंपन्यांच्या दरापेक्षा बराच कमी असतो. मेडिकेडचा रुग्ण म्हणजे तोट्याचा रुग्ण, ही हॉस्पिटलांची जुनी तक्रार. फेडरल नियमांत एक वाट आहे: मेडिकेड चालवणाऱ्या विमा कंपन्यांना राज्य असं बजावू शकतं की हॉस्पिटलला वाढीव दर द्या, अगदी खासगी विम्याच्या सरासरी दरापर्यंत. वाढीचा काही भाग राज्याने आणायचा, बाकी केंद्र देणार. समजा वाढीचे १०० डॉलर द्यायचे आहेत. नॉर्थ कॅरोलिनात नेहमीच्या मेडिकेडसाठी केंद्राचा वाटा साधारण ६५ टक्के. उरलेले ३५ डॉलर राज्य हॉस्पिटलांकडूनच आकारणी म्हणून गोळा करतं. हॉस्पिटलांनी ३५ टाकले, १०० परत आले. विस्तारातल्या नव्या विमाधारकांसाठी तर १० टाकायचे आणि १०० घ्यायचे. राज्याच्या खिशातून काहीच जात नाही.

हे पैसे वॉशिंग्टनमधून येतात, म्हणजे सगळ्या अमेरिकेचे करदाते ते भरतात. ‘फुकट’ हा शब्द इथे वापरायला नको. पण बहुतेक राज्यं हाच खेळ खेळतात.

आरोग्य खात्याचे तेव्हाचे सचिव कोडी किन्स्ली यांच्या टीमने यातला एक सांधा हेरला. फेडरल नियम असं म्हणतात की ही वाढीव देयकं काहीतरी ध्येयाशी, दर्जाशी किंवा लोकांच्या सोयीशी जोडलेली असली पाहिजेत. मग ते ध्येय कर्जमुक्ती का असू नये? राज्याने हॅस्पचे दोन मजले केले. खालच्या मजल्यावरचे पैसे सगळ्यांना. वरच्या मजल्यावरचे फक्त त्यांना, जे थकबाकी सोडतील आणि पुढची थकबाकी साचू न देण्याचे नियम पाळतील. सगळ्यांनी अटी मान्य केल्या तर पहिल्याच वर्षी वाटायची रक्कम सहा अब्ज डॉलरच्या वर जाणार होती. नाही केल्या तर जवळपास निम्मी.

हे ज्या वेळी केलं तेही महत्त्वाचं. विस्तार नुकताच लागू झालेला, हॅस्पचे पैसे यायला लागलेले, हॉस्पिटलांनी पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ते धरलेले. आकारणी तर भरावी लागणारच होती. अशा वेळी ‘हवं तर या, नको तर राहू द्या’ असं म्हणण्यात राज्याचं काही जात नव्हतं.

१ जुलै २०२४ ला कूपर आणि किन्स्ली यांनी योजना जाहीर केली. महिना संपायच्या आत फेडरल मंजुरी आली. १२ ऑगस्टला जाहीर झालं की पात्र असलेली सगळीच्या सगळी ९९ हॉस्पिटलं सामील झाली आहेत. मोठ्या साखळ्या आल्या, विद्यापीठांची हॉस्पिटलं आली, डोंगरातली वीस-पंचवीस खाटांचीही आली. जे विधेयक हाउसमध्ये धूळ खात होतं त्यातल्या बऱ्याच गोष्टी सहा आठवड्यांत करारात उतरल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. हॉस्पिटलांनी जे सोडलं त्याची बाजारातली किंमत फार नव्हती. दहा वर्षांपूर्वीचं, मेडिकेडवर असलेल्या माणसाचं बिल वसूल होण्याची शक्यता जवळपास शून्य. अशी जुनी थकबाकी वसुली कंपन्या डॉलरमागे एखाद-दोन सेंटने विकत घेतात. म्हणजे साडेसहा अब्ज हा छापील किमतीचा आकडा आहे. हॉस्पिटलांनी रद्दी दिली आणि नोटा घेतल्या, असं एखाद्या खवचट हिशोबनीसाने म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. पण बिल ज्याच्या नावावर आहे त्याला फोन छापील किमतीचेच येतात आणि बोजाही छापील किमतीचाच चढतो.

काउंटरवर काय बदललं

माफीचा भाग आधी सांगून टाकतो. मेडिकेडवर असलेल्या लोकांची १ जानेवारी २०१४ पासूनची सगळी न भरलेली हॉस्पिटल बिलं रद्द. मेडिकेडवर नसलेल्यांपैकी ज्यांचं उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या साडेतीन पटीच्या आत आहे, किंवा ज्यांचं देणं वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त आहे, त्यांची वसूल न होणारी थकबाकीही त्याच तारखेपासून रद्द. अर्ज कोणी करायचा नाही, हॉस्पिटलनेच आपल्या वह्या तपासायच्या. मग घरी पत्र येतं की तुमचं अमुक इतकं देणं माफ झालं. अमेरिकेत असं पत्र आलं तर पहिला विचार ‘हा फसवणुकीचा प्रकार दिसतो’ असाच येणार, आणि त्यात चूक काही नाही.

मला महत्त्वाच्या वाटतात त्या अटी पुढच्या बिलांबद्दलच्या. दारिद्र्यरेषेच्या तिप्पट उत्पन्नापर्यंत, म्हणजे २०२४ च्या आकड्यांनी चौघांच्या कुटुंबाला ९३,६०० डॉलरपर्यंत, बिलावर ५० ते १०० टक्के सवलत द्यायची. उत्पन्न जितकं कमी तितकी सवलत जास्त. या गटातल्या माणसाचं देणं वसुली कंपनीला विकायचं नाही. या अटींखाली येणारं देणं क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवायचं नाही. व्याज ३ टक्क्यांच्या वर लावायचं नाही.

आणि सगळ्यात कळीची अट: सवलतीसाठी रुग्णाने हात पसरायचा नाही, हॉस्पिटलने स्वतः तपासायचं.

हे का महत्त्वाचं, ते जुनी पद्धत पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा एक बाई आहे. किराणा दुकानात अर्धवेळ काम करते, दोन मुलं आहेत, विमा नाही. पित्ताशयाच्या दुखण्याने रात्री इमर्जन्सीत आली. चॅरिटी केअरचं, म्हणजे गरिबांसाठीच्या सवलतीचं, धोरण त्या हॉस्पिटलचं होतंच. पण तिला ते माहीत नाही. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ आहे, तिथल्या नंबरवर फोन केला की फॉर्म मिळतो. फॉर्मसोबत पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न, घरभाड्याचा करार. एक कागद राहिला तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. दरम्यान बिलाची मुदत संपते आणि ते वसुली कंपनीकडे जातं. ज्या बाईला शंभर टक्के माफी मिळाली असती ती थकबाकीदार म्हणून नोंदली जाते. तिने बिल बुडवलं नाही, तिने फॉर्म भरला नाही एवढंच.

नव्या पद्धतीत हॉस्पिटलने बिल पाठवण्याआधी बघायचं की ही बाई अन्नसाहाय्य योजनेत, म्हणजे स्नॅपमध्ये आहे का, लहान मुलांच्या पोषण योजनेत, विकमध्ये आहे का, बेघर आहे का. असेल तर तिचं उत्पन्न दुसऱ्या सरकारी खात्याने आधीच तपासलेलं आहे, पुन्हा कागद मागायचे नाहीत, ती पात्र. सरकारी कामकाजाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला या एका ओळीची किंमत कळेल. एकाच माणसाने आपली गरिबी तीन खिडक्यांवर तीनदा सिद्ध करायची, ही जगभरातल्या कारकुनीची आवडती सवय आहे.

क्रेडिट ब्यूरोच्या अटीला मागाहून वेगळीच धार आली. फेडरल ग्राहक संरक्षण कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या देशात क्रेडिट अहवालांतून वैद्यकीय देणी काढून टाकण्याचा नियम केला. जुलैमध्ये टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाने तो रद्द केला. नॉर्थ कॅरोलिनातल्या हॉस्पिटलांना याने फरक पडला नाही, कारण त्यांच्यावरचं बंधन त्या नियमातून आलेलंच नव्हतं. माहिती कळवणार नाही असं त्यांनी कबूल केलं होतं, आणि न कळवलेली माहिती अहवालात येत नाही. विधेयक अडलं म्हणून घेतलेला आडरस्ता इथे हमरस्त्यापेक्षा टिकाऊ निघाला.

विकत घेणारी राज्यं आणि एक खट्टू करणारा अभ्यास

बाकीच्या सरकारांनी सोपा मार्ग घेतला होता. वसुली धंद्यातूनच बाहेर पडलेल्या दोघांनी २०१४ मध्ये एक सेवाभावी संस्था काढली, तेव्हाचं नाव आरआयपी मेडिकल डेट, आता अनड्यू मेडिकल डेट. बाजारातून जुनी देणी कवडीमोलाने विकत घ्यायची आणि वसूल करण्याऐवजी फाडून टाकायची, हे तिचं काम. देणगीतल्या एका डॉलरमागे साधारण शंभर डॉलरचं देणं फिटतं. शिकागोच्या कुक काउंटीने कोविडनंतरच्या केंद्रीय मदतीतून या संस्थेला पैसे दिले, मग गावोगावची सरकारं आली आणि मग राज्यं. कनेटिकटने ६५ लाख डॉलर बाजूला काढले, अ‍ॅरिझोनाने ३ कोटींपर्यंत. पत्रकार परिषदेसाठी यापेक्षा चांगला सौदा नाही.

एप्रिल २०२४ मध्ये रेमंड क्लुएंडर, नील महोनी, फ्रान्सिस वाँग आणि वेस्ली यिन या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला आणि या उत्साहावर पाणी पडलं. याच संस्थेबरोबर त्यांनी ८३,४०१ लोकांची मिळून १६ कोटी ९० लाख डॉलरची देणी, चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडून, माफ करवली आणि माफी न मिळालेल्यांशी तुलना केली. सरासरीने ना आर्थिक स्थिती सुधारली, ना मानसिक आरोग्य, ना उपचार घेण्याचं प्रमाण. ज्यांना माफीची बातमी फोनवरून मुद्दाम कळवली, त्यांच्यात काहींची मनःस्थिती उलट बिघडलेली दिसली. कदाचित विसरलेलं देणं पुन्हा आठवून दिल्यामुळे, कदाचित दान घेतल्याच्या भावनेमुळे.

नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूने बोलणारे म्हणतात, तो अभ्यास विकत घेतलेल्या शिळ्या देण्यांचा होता. हे पूर्ण खरं नाही, त्यातला एक प्रयोग थेट हॉस्पिटलच्या देण्यांवर होता. माझं मत असं की अभ्यासातून माफीच्या निम्म्या भागाबद्दल सावध व्हावं: २०१५ सालचं बिल पुसल्याने कोणाचं आयुष्य पालटत नाही. पण त्या अभ्यासातल्या माणसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हॉस्पिटल, तोच फॉर्म आणि तीच वसुली होती. नॉर्थ कॅरोलिनात निदान ती रांग बदलली आहे. तिचा परिणाम कळायला २५ लाखांचा आकडा उपयोगाचा नाही. पुढच्या काही वर्षांत नवी थकबाकी किती साचते ते मोजावं लागेल.

कोण सुटलं नाही

करार हॉस्पिटलांशी आहे. स्वतंत्र डॉक्टरांचे ग्रुप, खासगी लॅब, दाताचे डॉक्टर यांची बिलं त्याबाहेर. इमर्जन्सीतल्या त्या बाईचं हॉस्पिटलचं पाकीट शून्य झालं तरी बाकीची पाकिटं येतच राहणार. ज्याने फोन टाळण्यासाठी बिल क्रेडिट कार्डावर भरून टाकलं, त्याचं देणं आता बँकेचं झालं. ते कुठल्याच माफीत बसत नाही. आणि ज्यांनी पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले त्यांना काहीच नाही. नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याचा संताप आपण ऐकलेला आहे. कॅरोलिनातला माणूसही तेच इंग्रजीत म्हणतो.

रॅली, केरी आणि शार्लटच्या भागात आयटी, औषध कंपन्या आणि बँकांमधली बरीच मराठी घरं आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचं उत्पन्न सवलतीच्या मर्यादेच्या वर जाईल. एका पगारावर चालणारं आणि मोठ्या डिडक्टिबलचा विमा असलेलं चौघांचं घर मात्र ९३ हजारांच्या आत सहज असू शकतं. कंपनीचा विमा आहे म्हणून आपण चॅरिटी केअरमध्ये बसत नाही, असं गृहीत धरून लोक विचारतच नाहीत. निकष मुख्यतः उत्पन्नाचा आहे. भेटीला आलेल्या आई-वडिलांच्या बिलाची गोष्ट वेगळी, ती मेडिकेडच्या चौकटीत बसत नाही आणि व्हिजिटर विम्याच्या अटींवर लटकते.

दोरी कोणाच्या हातात

ज्या कळीमुळे हे सगळं झालं ती वॉशिंग्टनच्या हातात आहे. ४ जुलै २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कर-खर्च कायद्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. हॅस्पसारख्या देयकांची कमाल मर्यादा आता खासगी विम्याच्या दरावरून मेडिकेअरच्या दरापर्यंत खाली आणायची आहे. मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, आणि त्याचा दर खासगीपेक्षा पुष्कळ कमी. आधी मंजूर झालेल्या कार्यक्रमांना २०२८ पर्यंत मुभा आहे, त्यानंतर दर वर्षी १० टक्के अंकांनी कपात. मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांना मेडिकेअरच्या १०० टक्क्यांची मर्यादा, न केलेल्यांना ११०. नॉर्थ कॅरोलिनाने २०२३ मध्ये विस्तार करायला नको होता असं कोणी सुचवत नाही, पण हिशोब तसाच लागतो. हॉस्पिटलांकडून आकारणी गोळा करण्याची कमाल मर्यादाही २०२८ पासून विस्तार केलेल्या राज्यांत टप्प्याटप्प्याने ६ टक्क्यांवरून साडेतीनवर येणार आहे.

त्याच कायद्याने विस्तारातल्या प्रौढांना २०२७ पासून काम करत असल्याचे पुरावे देणं सक्तीचं केलं. त्यात काहींचा विमा काम नसल्यामुळे जाईल आणि काहींचा कागद न दिल्यामुळे. विमा गेलेला माणूस आजारी पडायचा राहत नाही. तो त्याच इमर्जन्सीत येणार आणि त्याचं बिल त्याच वहीत चढणार.

म्हणजे वरच्या मजल्याचं आमिष लहान होत जाणार आणि नियम पाळण्याची किंमत वाढत जाणार. एखाद्या हॉस्पिटलच्या वित्त अधिकाऱ्याने कोष्टक मांडलं तर एखाद्या वर्षी असा आकडा येईल की अटींतून बाहेर पडणं परवडतं. रद्द झालेली जुनी बिलं तेव्हाही परत येणार नाहीत. ५० ते १०० टक्के सवलत, वसुली कंपनीला न विकण्याची हमी, ३ टक्क्यांचं व्याज आणि ती आधी-तपासणीची अट मात्र करारातल्या आहेत, कायद्यातल्या नाहीत. त्या कायद्यात आणायच्या तर जे विधेयक २०२३ मध्ये हाउसने हातात घेतलं नाही, तसं काहीतरी विधिमंडळाला २०२८ च्या आधी मंजूर करावं लागेल. या वेळी आमदारांना एक सोय आहे: ज्या नियमांनी हॉस्पिटलं बुडतील असं सांगितलं जाईल, त्याच नियमांखाली राज्यातली ९९ हॉस्पिटलं २०२५ पासून चालतच आहेत.